१०×१० चा चौक, ५० ठोकळे आणि दोन उत्तरं

निपाणीहून डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "आमच्या आण्णांचं पेव्हर ब्लॉक बसवायचं काम आहे. ठोकळा २० बाय १० सेंटीमीटरचा. एक मीटर बाय एक मीटर जागेत असे ५० बसतात. किती तऱ्हांनी बसतील ते मी प्रोग्रॅम लिहून मोजलं, तर ८८,६०,०८,६०८ आलं. खानापूरच्या वर्गमित्राने हीच पद्धत वापरली, त्याला २,५८,५८,४०,४६,३६८ मिळालं. दोघांचे प्रोग्रॅम ओळीला ओळ लावून बघितले, फरक सापडत नाही. बरोबर कोण? आणि याला सूत्र आहे का?"

बरोबर तो आहे. पण तुझी पद्धत चुकलेली नाही, भांडं लहान पडलंय. तू लिहिलं नाहीस, तरी पैज लावतो: तू सी किंवा जावामध्ये लिहिलंस आणि उत्तर साध्या इंटमध्ये ठेवलंस, त्याने पायथॉनमध्ये लिहिलं. ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. त्यापुढे गेलं की आकडा फेरी मारून परत खालून सुरू होतो, आणि एक फेरी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. आता कागदावर करून बघ. अशा ६० फेऱ्या म्हणजे २,५७,६९,८०,३७,७६०. मित्राच्या उत्तरातून हे वजा कर. उरतात बरोबर ८८,६०,०८,६०८. म्हणजे तुझा प्रोग्रॅम इमानाने साठ फेऱ्या मारून आला आणि फेऱ्या मोजायच्या राहून गेल्या. पायथॉनला लागेल तेवढी जागा आपोआप मिळते, म्हणून तो वाचला. तू लाँग लाँग, म्हणजे ६४ बिटांचं भांडं, केलंस की तुझंही उत्तर तेच येईल.

मी बेळगावात बावीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना अल्गोरिदम शिकवतोय. त्याआधी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बसून लहान-मोठ्या कारखान्यांना प्रोग्रॅम लिहून द्यायचो. तेव्हा सीमाभागातल्या एका साखर कारखान्यासाठी उसाची दिवसभराची आवक क्विंटलमध्ये बेरजेला लावणारा प्रोग्रॅम मीच केला होता, आणि बेरीज १६ बिटांत ठेवली होती. तिथे मर्यादा ३२,७६७. गळीत हंगाम भरात आला, गाड्यांची रांग लागली आणि एका रात्री अडीच वाजता कारकुनाचा फोन: "साहेब, कारखान्यानंच शेतकऱ्यास्नी ऊस परत दिलाय म्हणतंय की हे!" बेरीज उणे झाली होती. माझी चूक उणे चिन्हामुळे एका रात्रीत उघडी पडली. तुझा आकडा त्याहून वाईट, कारण तो धन आहे, नऊ अंकी आहे, दिसायला भारदस्त आहे. त्याच्यावर कुणाला संशय येणार?

म्हणून माझ्या दृष्टीने तुझा खरा प्रश्न तिसराच आहे, जो तू विचारला नाहीस. मित्र नसता तर तुला कसं कळलं असतं?

त्यासाठी एक कसोटी आहे. ठोकळ्याच्या अर्ध्या भागाएवढा, १० सेंटीमीटरचा चौकोन म्हणजे एक घर. बाजू सम असलेला चौरस घे, म्हणजे बाजू २न घरांची. त्याच्या मांडण्यांची संख्या नेहमी २ चा न-वा घात गुणिले एका विषम संख्येचा वर्ग, अशीच असते. हे सिद्ध झालेलं आहे. २×२ ला २. ४×४ ला ३६, म्हणजे ४ गुणिले ३ चा वर्ग. ६×६ ला ६,७२८, म्हणजे ८ गुणिले २९ चा वर्ग. बुद्धिबळाच्या पटाला, ८×८ ला, १,२९,८८,८१६, म्हणजे १६ गुणिले ९०१ चा वर्ग. आता १०×१०. मित्राच्या उत्तराला ३२ ने भाग: ८,०८,०७,५१,४४९. हा ८९,८९३ चा वर्ग आहे, नेमका. तुझ्या उत्तराला ३२ ने भाग: २,७६,८७,७६९. भाग नि:शेष जातो बरं का, कारण हरवलेल्या फेरीलाही ३२ ने भाग जातो. पण वर्गमूळ काढ. ५,२६१ चा वर्ग याच्या खाली, ५,२६२ चा वर्ग याच्या वर. मध्येच लटकलेला आकडा. दोन मिनिटांत, साध्या कॅल्क्युलेटरवर, मित्राला न विचारता निकाल लागला असता.

वर्ग कुठून येतो ते सूत्राशी आल्यावर सांगतो. आधी मोजायचं कसं ते, कारण ते कळल्याशिवाय सूत्र म्हणजे नुसता मंत्र.

दोन घरं रुंद पट्टी तुला शाळेतूनच येते, फक्त नाव वेगळं होतं. मराठीच्या तासाला लघु-गुरू लावले होते ना? लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. पट्टीत उभा ठोकळा एक रकाना खातो, तो लघु. आडवे ठोकळे एकावर एक असे जोडीनेच बसतात आणि दोन रकाने खातात, तो गुरू. चार मात्रांच्या ओळी किती? गुगु, गुलल, लगुल, ललगु, लललल. पाच. २×४ च्या मांडण्याही पाचच. शेवटी लघु असेल तर उरल्या एक कमी मात्रा, गुरू असेल तर दोन कमी, म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोघींची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. दहा रकान्यांच्या पट्टीला ८९. हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांसाठी हेच सांगितलं होतं. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं, त्याच्या नंतरचं.

तीन घरं रुंदीला लांबी सम हवी, नाहीतर घरंच विषम होतात आणि उत्तर शून्य. लांबी २, ४, ६, ८ ला ३, ११, ४१, १५३. मागच्याची चौपट करून त्यामागचा वजा करायचा. यावर वेळ घालवत नाही.

चार रुंदीवर मात्र थांब. वहीचं चौकटीचं पान घे आणि ४×४ चा चौक काढ. आडवी रेघ मारून त्याचे वरच्या दोन ओळी आणि खालच्या दोन ओळी असे भाग कर. आता एवढंच विचार: या रेघेवर कोणते उभे ठोकळे पडलेत?

एकही नाही, असं असू शकतं. मग वरचा भाग म्हणजे सुटा २×४, त्याच्या ५ तऱ्हा. पहिल्या दोन रकान्यांत रेघ ओलांडली असेल तर वर उरते पूर्ण पहिली ओळ आणि दुसऱ्या ओळीतली उजवी दोन घरं. डावीकडच्या कोपऱ्यात आडवा ठोकळा सक्तीचा, उजवीकडे २×२ मोकळा, म्हणून २ तऱ्हा. शेवटच्या दोन रकान्यांत ओलांडली तर तसंच, २. दोन्ही टोकांना ओलांडली तर १. मधल्या दोनांत ओलांडली तरी १, आणि चारही ठिकाणी ओलांडली तर वर फक्त एक ओळ उरते, तिची १. बाकी काही जमत नाही. पहिला आणि तिसरा रकाना का नाही? चौकात बुद्धिबळासारखी काळी-पांढरी घरं रंगव. प्रत्येक ठोकळा एक काळं आणि एक पांढरं खातो. दुसऱ्या ओळीतलं पहिलं आणि तिसरं घर एकाच रंगाचं, ती दोन्ही रेघेवरच्या ठोकळ्यांनी नेली तर वर राहतात दोन एका रंगाची आणि चार दुसऱ्या रंगाची. जोड्या कशा लागणार?

खालचा भाग वरच्याचं आरशातलं रूप. वर ५ तर खालीही ५, मिळून २५. म्हणून एकूण:

२५ + ४ + ४ + १ + १ + १ = ३६

हे मी दर वर्षी फळ्यावर करतो आणि दर वर्षी एखाद-दुसऱ्याचा चेहरा उजळतो. सगळ्या छत्तीस मांडण्या एकेक करून काढल्या नाहीत, तरी एकही सुटली नाही आणि एकही दोनदा आली नाही.

तुझा प्रोग्रॅम हेच करतो, फक्त मध्यावर न थांबता प्रत्येक ओळीखाली रेघ मारत जातो. कोणत्या रकान्यांत ठोकळा खाली डोकावतोय ते शून्य-एकच्या चिठ्ठीवर लिहायचं, पोरं त्याला मास्क म्हणतात, आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे ती किती तऱ्हांनी येते ते. वर नेमकं काय झालं ते विसरायचं. दहा रकान्यांना चिठ्ठ्या १,०२४. ओळीऐवजी एकेक घर पुढे सरकलं तर १०० घरं गुणिले १,०२४ चिठ्ठ्या, लाखभर पावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. माझं ऐकशील तर पाच ओळींवर थांब आणि आकड्यांचे वर्ग करून बेरीज घे, वर ४×४ ला केलं तसं. रंगाच्या त्याच हिशेबाने पाचव्या ओळीखाली फार तर २५२ चिठ्ठ्यांपुढे आकडा असेल, बाकीच्यांपुढे शून्यच हवं. एखाद्या भलत्या चिठ्ठीपुढे शून्य नसेल तर कोडमध्ये घोळ आहे. अर्ध्यावर थांबून आलेलं उत्तर आणि दहाव्या ओळीपर्यंत जाऊन आलेलं उत्तर जुळलं, वर वर्गाची कसोटीही लागली, की मी सही करतो. त्याआधी नाही.

एकेक मांडणी प्रत्यक्ष रचून मोजायची हौस असेल तर तीही भागवून घे. सेकंदाला दहा कोटी मांडण्या धरल्या तरी १०×१० ला पाऊण तासाच्या आसपास लागेल. १२×१२ ला मांडण्या ५३,०६,०४,७७,५२,१९,६०,०००. त्याच वेगाने जवळजवळ सतरा वर्षं. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने सहा लाखांच्या आतली पावलं. हा आकडा लाँग लाँगमध्ये मावतो, पण १४×१४ चा मावत नाही. तिथे परत तुझी तीच गत होईल, तेव्हा जपून.

आता सूत्र. आहे, आणि ते १९६१ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघालं: एकीकडे नेदरलँड्सचे कास्टेलेन, दुसरीकडे टेंपरली आणि फिशर. मंडळी फरशीवाली नव्हेत, भौतिकशास्त्रातली. दोन-दोन अणूंचे रेणू स्फटिकाच्या पृष्ठभागावर शेजारशेजारच्या दोन जागा धरून बसतात, ते किती तऱ्हांनी बसतील, हा त्यांचा प्रश्न. रेणू म्हण किंवा पेव्हर म्हण, गणित एकच.

दोन्ही बाजू सम असतील तर असं करायचं. बाजू म घरांची. १८० अंशांना म+१ ने भाग, त्या कोनाची १ पट, २ पट, अशी म/२ पटीपर्यंत घे, प्रत्येकाच्या कोसाइनचा वर्ग करून चौपट कर. दुसऱ्या बाजूचंही तसंच. मग या यादीतला प्रत्येक आकडा त्या यादीतल्या प्रत्येक आकड्यात मिळव आणि सगळ्या बेरजांचा गुणाकार कर.

४×४ वर लावू. १८० भागिले ५, कोन ३६ आणि ७२ अंश. चौपट वर्ग: २.६१८ आणि ०.३८२. दोन्ही बाजूंची यादी हीच. बेरजा चार: ५.२३६, ३, ३, ०.७६४. पहिला आणि शेवटचा गुण: ४. मधले दोन: ९. एकूण ३६.

मघाचा वर्ग इथे दिसला का? चौरसात दोन्ही याद्या सारख्याच, म्हणून वेगवेगळ्या आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी दोनदा येते, ३ गुणिले ३. तोच वर्ग. आकडा स्वतःतच मिळवलेल्या बेरजांचा गुणाकार नेहमी २ चा घात होतो, इथे ४, तुझ्या चौकात ३२. वर्गमूळ पूर्ण आणि विषम का निघतं ते मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही, त्याला वेगळी मेहनत आहे. १०×१० ला पंचवीस बेरजा येतात. पाच बाजूला ठेव, उरलेल्या वीस म्हणजे दहाच आकडे दोन-दोनदा. त्या दहांचा गुणाकार ८९,८९३ यायला हवा. संध्याकाळी करून बघ, अर्धा तास लागेल.

एक सावधगिरी. दशांश अपूर्णांकांत संगणक पंधरा-सोळा अंकांपर्यंतच विश्वासाचा. १०×१० चं उत्तर बारा अंकी, चालेल. १२×१२ चं सतरा अंकी, शेवटचे अंक खोटे निघतील. म्हणून नेमकं उत्तर हवं तर मी चिठ्ठ्यांचीच पद्धत वापरतो आणि सूत्र ताळ्यापुरतं.

तू प्रश्नात "शेजारच्या घरांच्या जोड्या" असंही एकदा म्हटलंयस. काही घरं रिकामी सोडायची मुभा असेल तर गणित पार बदलतं. २×२ ला २ ऐवजी ७, कारण एकही ठोकळा न ठेवणं हीसुद्धा एक तऱ्हा. ३×३ ला शून्याऐवजी १३१. चिठ्ठ्यांची पद्धत थोड्या बदलाने इथेही चालते, पण कास्टेलेनसारखं सूत्र या प्रकाराला नाही. कोणत्याही सपाट जाळ्यासाठी रिकाम्या घरांसकट मोजणं मुळातच अवघड आहे, हे संगणकशास्त्रज्ञ मार्क जेरम यांनी १९८७ साली दाखवलं. परीक्षेत आधी वाक्य नीट वाच, इथे पोरं फार मार्क घालवतात.

राहिले आण्णा. त्यांना हे आकडे दाखवलेस तर ते म्हणतील, "सगळं खरं बाई, पण सांधा आरपार गेला तर उपयोग काय?" आणि ते गणिताच्याच भाषेत बोलतायत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला सांधा चांगला गवंडी टाळतो. मग असा एकही आरपार सांधा नसलेल्या मांडण्या आहेत का?

६×६ मध्ये नाहीत. ६,७२८ पैकी एकही नाही. कारण सोपं आहे. आत पाच आडव्या आणि पाच उभ्या, अशा दहा रेघा. प्रत्येक रेघेच्या एका बाजूला घरं सम संख्येने, म्हणून ती ओलांडणारे ठोकळेही समच असतात. शून्य नको, तर निदान दोन हवेत. एक ठोकळा एकच रेघ ओलांडतो. दहा रेघांना वीस ठोकळे लागले, आणि चौकात आहेत अठरा. संपलं. तुमच्या १०×१० ला अठरा रेघा, छत्तीस ठोकळे पुरे आणि हाताशी पन्नास, म्हणजे निदान ही अडचण नाही. आणि खरोखरच बसवता येतात. नियम असा: घरं सम, दोन्ही बाजू निदान पाच, आणि चौक ६×६ चा नको, एवढं असलं की आरपार सांधा नसलेली मांडणी मिळते. सगळ्यात लहान ५×६ ची. आण्णांना पंधरा ठोकळे अंगणात टाकून बघायला सांग. सूत्राशिवाय ते तुझ्याआधी लावतील, असा माझा अंदाज.

चेंबरच्या झाकणासाठी एक-एक घर सोडावं लागतं, तेव्हाही रंग आठव. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत झाकणं आली तर दोन्ही एकाच रंगाची. एका रंगाची ५० घरं, दुसऱ्याची ४८, आणि मग ठोकळे कापण्याशिवाय गत्यंतर नाही. पण एक काळं आणि एक पांढरं घर सोडलं, मग ती कुठंही असोत, तर बाकीचा चौक न कापता भरतोच. हे गणितज्ञ राल्फ गोमोरी यांचं. सगळ्या घरांतून एकेकदा जाऊन सुरुवातीला परत येणारी वाट आख. दोन वेगळ्या रंगांची घरं काढली की वाटेचे जे तुकडे उरतात त्यांत घरं समच असतात, मग ठोकळे एकामागे एक टाकत जायचं.

आणि चौक ४×४ चाच असला, मधल्या चार घरांवर तुळशीवृंदावन आलं, तर भोवती बारा घरांची एकच वाट उरते. छत्तीसच्या जागी तऱ्हा फक्त दोन: कोपऱ्यातलं पहिलं घर उजवीकडच्या शेजाऱ्याशी जोडून निघालात तर एक, खालच्याशी जोडून निघालात तर दुसरी.